वाढत्या अंगाचे पडदे

आमच्या लहानपणी कुठलाच कपडा त्या एका वर्षापुरता शिवला जात नसे. शिंप्यापुढे मापाला उभे केले की आई मागून सांगे, "वाढत्या अंगाचं शिवा हो." मग परकराच्या आत वीतभर कापड दुमडून राही आणि दर जूनमध्ये, शाळा उघडायच्या आधी, त्यातली दोन बोटे उसवून मोकळी केली जात. आपण वाढलो हे आम्हांला आरशातून कळत नसे. उसवल्या जागी न विटलेल्या कापडाचा जो गडद पट्टा उघडा पडे, त्यावरून कळे. घड्याळ काढल्यावर मनगटावर उरतो तसा तो पट्टा. उन्हापासून लपवून ठेवलेले जरासे आपण.

२००९ साली नवऱ्याच्या नोकरीपायी मस्कतला बिऱ्हाड न्यायचे ठरले, तेव्हा आईने इचलकरंजीहून डाळिंबी रंगाचे जाड सुती कापड आणले आणि बजावले, "पडदे शिवशील ते वाढत्या अंगाचे शिव."

"पडदे काय वाढतात का गं?"

"पडदे नाही वाढत. खिडक्या वाढतात. तुमचं काय, आज इथं, उद्या तिथं."

वडिलांच्या बदल्यांत तासगाव, विटा, जत एवढीच राज्ये आईने पाहिली होती. पण दर राज्यात खिडकीचे माप निराळे असते हे तिला पक्के ठाऊक होते. मस्कतच्या रुवी भागातल्या शिंप्याला मी वीतभर दुमड ठेवायला सांगितली, तर तो भला केरळी गृहस्थ टेप गळ्यात टाकून माझ्याकडे पाहतच राहिला. खालून दोन इंच दुमडले की पडद्याला पुरे, असे त्याने दोनदा समजावले. शेवटी, या बाईला खिडकीला दिवस गेल्याचा भास होतो आहे अशा काहीशा कनवाळू चेहऱ्याने त्याने टीप मारून दिली.

मस्कतमध्ये पडदा हा खिडकीचा दागिना नव्हे, छत्री आहे. पांढऱ्या नि वाळूच्या रंगाच्या त्या शहरात मे-जूनचे ऊन काचेवर असे येऊन उभे राही, जणू वसुलीला आलेला माणूस. आम्ही घरात नसल्यासारखे गप्प, पडदे ओढून बसायचो. पडद्यांनी ते सारे अंगावर घेतले आणि चार वर्षांत त्यांचा डाळिंबी रंग उतरून पाणी वाढवलेल्या सोलकढीसारखा झाला. मुलगी तिथेच झाली, २०१० साली. तिची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मांडावी अशी साहजिक हौस होती, पण घर भाड्याचे, अनामत भक्कम, आणि नवऱ्याला खोडरबराचे दुःस्वप्न पडलेले. तेव्हा मीच तोड काढली. वाढदिवसाला पोरीला पडद्याला पाठ लावून उभे करायचे आणि डोक्याच्या उंचीला, कडेवर, लाल दोऱ्याचा एक टाका घालायचा. दोन वर्षांचा टाका, तीन वर्षांचा टाका. भिंत सोडून जावी लागते, पडदा घडी करून नेता येतो; या हुशारीवर मी बेहद्द खूश होते.

सिंगापूरला बदली झाल्यावर या हुशारीतली खोट दिसली. त्या देशाविषयी इथे फार सांगत नाही. विषुववृत्ताला खेटून असल्याने तिथला सूर्य वर्षभर सातच्या सुमारास उगवतो, सातच्या सुमारास मावळतो, सरकारी नोकरीत चिकटल्यासारखा. आणि आमच्या वाट्याला आलेल्या सदनिकेच्या खिडक्या बुटक्या होत्या. पडदे पायात येऊ लागले. नऊवारी पहिल्यांदाच नेसलेल्या नवरीसारखे ते फरशीवर लोळत. मी ते खालून दुमडून वर घेतले, धावदोरा घातला, आणि सवयीने मुलीला उभे केले. पडद्याची दांडीच वीतभर खाली आल्यामुळे टाकेही वीतभर खाली उतरले होते. मस्कत सोडून जेमतेम पंधरा दिवस झालेले, आणि कन्या नऊ इंच वाढलेली. विमानातले जेवण इतके सकस असते हे आम्हांला ठाऊक नव्हते. तरी मी चौथा, पाचवा, सहावा टाका तिथेच घातला. माणूस एकदा मोजू लागला की मोजपट्टी खोटी आहे एवढ्या कारणावरून थांबत नाही.

२०१७ मध्ये हेग. घर शोधताना जाहिरातींत ठिकठिकाणी 'काल' हा शब्द दिसे. मराठी मनाने त्याचा अर्थ लगेच लावला: हे घर काल गेले, आपल्याला एक दिवस उशीर झाला. तीन-चार दिवस मी त्या एका दिवसासाठी हळहळत होते. मग उलगडा झाला. डच भाषेत 'काल' म्हणजे बोडके. माणसाच्या टकलालाही हाच शब्द. 'काल' घरात दिवे नसतात, पडदे नसतात, पुष्कळदा जमिनीवरचे आच्छादनही नसते, कारण आधीचा भाडेकरू ते उचकटून आपल्याबरोबर घेऊन गेलेला असतो. पडदे घेऊन हिंडणारी आम्हीच तेवढी विक्षिप्त, हा माझा अहंकार त्या दिवशी गळाला. इथे तर लोक पायाखालची जमीन गुंडाळून नेतात!

आमचे घर जुने, उंच छताचे; रस्त्याकडची खिडकी म्हणजे टूरिंग टॉकीजचा पडदाच. आईची वीतभर दुमड अखेर पूर्ण उसवली. कोरा, गर्द डाळिंबी पट्टा बाहेर आला. मस्कतचे ऊन नाही, सिंगापूरचे नाही, थेट इचलकरंजीचा रंग. मी त्यावरून हात फिरवत बसले आणि नवरा शिडीवरून म्हणाला, "तरी चार बोटं कमीच आहे."

त्या चार बोटांखालून आत येणारा उजेड हा एक वेगळाच पाहुणा. जूनमध्ये तो रात्री दहापर्यंत उठत नसे. सात वर्षांची मुलगी अंथरुणात बसून शांतपणे सांगे, "अजून संध्याकाळ झाली नाही, मी कशी झोपू?" वर डच रीत अशी की दिवे लागले तरी पडदे उघडेच. रस्त्यावरून जाताना लोकांची जेवणे, मांजरे, पियानो, भांडणे सगळे दिसते, आणि कोणी पाहत नाही. न पाहणे हा तिथल्या शिष्टाचाराचा भाग. आम्ही आपले मस्कतच्या वळणाने पडदे ओढून बसलेलो. आठवड्याभराने शेजारच्या वृद्ध बाईंनी दारात येऊन हळूच विचारले, घरात कोणी आजारी आहे का? मला हसू आले आणि एकदम भरूनही आले. विट्याच्या आमच्या आळीत भर दिवसा कोणाचे दार लोटलेले दिसले की शेजारीण नेमके हेच विचारी, आईही विचारी. मी पडदा अर्धा उघडला. तो आजतागायत अर्धाच आहे.

टाक्यांचे मात्र त्या उंच दांडीने पार भजे केले. सगळे टाके वर गेले, पण मस्कतचे थोडे, सिंगापूरचे हातभर. त्यामुळे सात वर्षांचा टाका घातला तो दोन आणि तीनच्या मध्ये पडला. पाच वर्षांचा टाका माझ्याही डोक्यावरून गेला. पडद्याच्या हिशेबाने आमची मुलगी पाच वर्षांची असताना आईहून उंच होती आणि नंतर परदेशी हवा न मानवल्यामुळे आखडली. तिला हे फार आवडायचे. शाळेत भाषा येईना, मैत्रीण जमेना, असल्या दिवशी ती पडद्यापाशी जाऊन मान उंच करून त्या पाचव्या टाक्याकडे पाही. सिंगापुरात तिला एक जिवलग मैत्रीण होती. मी काही बोलत नसे. काय बोलणार? मलाही कधीकधी वाटते, की जिथे आपण सगळ्यांत उंच होतो ते गाव मागेच राहिले.

हेगचा मुक्काम लांबला. यंदाच्या वाढदिवशी तिने स्वतःच हाक मारली, सुईत दोरा ओवून ठेवला आणि पडद्याला पाठ लावून ताठ उभी राहिली. टाका घालायला मला स्टूल लागले. सुई टोचणार तोच खाली जुना लाल दोरा दिसला, विटून गुलाबी झालेला. पंधरावा टाका नेमका पाचव्यावर आला होता.

"झाले का मी पाच वर्षांची?" तिने न हलता विचारले.

"झालीस."

"आणि सहा?"

"सहा अजून चार बोटं वर."

ती वळली, वरचा टाका डोळे बारीक करून पाहिला आणि बाबाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पुढच्या बदलीला जरा बुटक्या खिडक्यांचा देश बघा ना."