तीनशे तीन गेला कुठे?

पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत लूप चार: फॉर, व्हाइल, डू-व्हाइल आणि फॉरईच. त्यातला डू-व्हाइल म्हणजे आमची मावशी. आधी पोळी ताटात टाकणार, मग विचारणार, "हवी का रे?" अट खरी असो वा खोटी, एक फेरी होणारच. व्हाइल बिचारा आधी विचारतो. पण अट कधी खोटी पडलीच नाही, तर फिरत बसतो. वेबपेजवर असेल तर मूळ सेटिंगप्रमाणे 30 सेकंदांनी पीएचपी त्याचं मानगूट धरते. तोच कोड कमांड लाइनवरून चालवा, तिथे मर्यादा शून्य. शून्य म्हणजे वेळच नाही असं नव्हे, हवा तेवढा वेळ! शून्याचा इतका सढळ अर्थ संगणकवाल्यांनाच सुचतो.

पण खरा लाडका फॉरईच. रॅस्मस लेरडॉर्फने 1994 मध्ये आपला ऑनलाइन बायोडेटा कोण कोण बघतं हे कळावं म्हणून जी खटपट केली, त्यातून पीएचपी उभी राहिली. फॉरईच यायला मात्र 2000 सालची चौथी आवृत्ती उजाडली. यादी हातात द्या, मोजामोजी त्याची तो बघतो.

तर आमच्या सोसायटीच्या वेबसाइटवर थकबाकीदारांची यादी झळकली: 301, 302, 302. तीनशे दोनचे काका तणतणत आले. तीनशे तीनवाले "कॉम्प्युटर कधी चुकत नाही" म्हणत लिफ्टमध्ये शिरले. सेक्रेटरींना यात राजकारण दिसलं. मला कोडमध्ये अँपरसँड (&) दिसला.

कोड लिहिणाऱ्याने पहिल्या फॉरईचमध्ये व्हेरिएबलला अँपरसँड लावून नोंदी जागच्या जागी नीटनेटक्या केल्या होत्या. लूप संपला, पण व्हेरिएबलने शेवटच्या घराची कडी सोडली नाही. यादी छापायला दुसरा फॉरईच, व्हेरिएबल तेच. पहिल्या फेरीत तिसऱ्या घरात 301 जाऊन बसला, दुसऱ्या फेरीत 302. तिसऱ्या फेरीत त्या घरात डोकावलं, तर आत 302! एरर नाही, वॉर्निंग नाही, सगळं कसं शिस्तीत.

पीएचपीवाले याला बग मानत नाहीत. मॅन्युअलमध्ये इशारा छापलाय, म्हणजे त्यांची जबाबदारी संपली. एवढं निगुतीने मॅन्युअल वाचणारा माणूस मुळात सोसायटीची वेबसाइट फुकट करून देईल का?

तेव्हा मंडळी, अँपरसँड लावलात तर लूपच्या खाली लगेच ते व्हेरिएबल अनसेट करा. आणि तीनशे तीनवाले, यादी दुरुस्त झाली आहे. मेंटेनन्स भरा.