भाचा ‘फॉरमॅट मारू’ म्हणतो तेव्हा

सदर मार्गदर्शन फक्त मामांसाठी आहे. भाचे ते वाचणार नाहीत, कारण भाचे व्हिडिओ बघतात.

नियम पहिला. कॉम्प्युटरचा पडदा निळा झाला की लगेच भाच्याला फोन लावू नये. त्या पडद्यावर रडवेला चेहरा असतो, तळाशी बारीक अक्षरांत बिघाडाचं नाव असतं. सगळं घर चेहरा बघत बसतं. उपयोगाचं असतं ते नाव, म्हणून मोबाइलवर त्याचा फोटो काढावा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर असेच निळे पडले, विमानं खोळंबली. इलाज काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल उडवायची. आमच्या भाच्याला बोलावलं असतं, तर ८५ लाख फॉरमॅट झाले असते. त्याच्याकडे औषध एकच. मशीन स्लो चालतंय? फॉरमॅट. प्रिंटर रुसलाय? ‘मामा, एकदा फॉरमॅट मारूनच टाकू.’

नियम दुसरा. ‘यात महत्त्वाचं काही आहे का?’ या प्रश्नाला ‘छे रे’ म्हणू नये.

नियम तिसरा. ‘डी ड्राइव्हला हात लावत नाही’ या शपथेला भुलू नये. शपथ खरी असते. पण डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स दोन्ही सी ड्राइव्हवर नांदतात, आणि मामा जन्मभर डेस्कटॉपवरच सेव्ह करतो. सोसायटीचे हिशेब, मुंजीचे फोटो, ‘न्यू फोल्डर’मधला ‘न्यू फोल्डर’, सगळं तिथेच.

नियम चौथा. फॉरमॅट न करता नुसतीच नवी विंडोज वर चढवली असेल, तर सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचं फोल्डर शोधावं. जुना संसार त्यात बांधून ठेवलेला असतो. मात्र दहा दिवसांनी विंडोज तो आपण होऊन फेकून देते, आणि भाचा ‘रविवारी येतो’ म्हणतो तेव्हा तो पुढचा रविवार असतो.

नियम पाचवा. फॉरमॅट होऊनच गेला असेल, तर मशीन ताबडतोब बंद करावं. क्विक फॉरमॅट म्हणजे ग्रंथालयाची फक्त सूची जाळणं. पुस्तकं मांडणीवरच असतात, नवी येऊन त्यांच्या जागी बसेपर्यंत. भाचा नेमका याच घडीला त्याच डिस्कवर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर उतरवतो, आणि वर एक गेमसुद्धा! अरे बाबा, डिस्क काढ, दुसऱ्या मशीनला जोड, तिथून फोटोरेक नाहीतर रिकुव्हा चालव आणि जे मिळेल ते तिसरीकडे ठेव. फोटोरेक फुकट आहे. फायलींची मूळ नावं मात्र तो परत देत नाही, नुसते आकडे देतो; मुंजीचा बटू हजारो फुटकळ चित्रांतून हुडकावा लागतो. डिस्क एसएसडी असेल, तर ट्रिम नावाची सोय पुसलेल्या जागा आतल्या आत साफ करते. तिथे फारशी आशा धरू नये.

नियम सहावा. फाइल सापडली, उघडली, आणि मंडळाच्या अहवालाच्या जागी इंग्रजी अक्षरांची नि चिन्हांची खिचडी दिसली. भाचा म्हणतो, ‘करप्ट झाली.’ काही झालेली नाही! अहवाल श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलेला आहे आणि नव्या विंडोजमध्ये तो फॉन्टच नाही. तो परत टाकला की अहवाल खडखडीत वाचता येतो. म्हणून फॉरमॅटच्या आधी विंडोजच्या फोल्डरमधलं फॉन्ट्सचं फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्यावं. पुढचे अहवाल युनिकोडमध्ये टाइप करावेत, म्हणजे ही भानगडच नको.

नियम सातवा. भाचा पैसे घेत नाही, मिसळ खातो. कॅबिनेट उघडून जुन्या टूथब्रशने पंख्यावरची धूळ झाडतो आणि निम्मे रोग तेवढ्यानेच बरे होतात, हे त्याला सांगू नये.

नियम आठवा. बाहेरची एक हार्ड डिस्क घेऊन सगळं तिच्यावर उतरवून ठेवावं. भाच्याला बंगळुरात नोकरी लागण्याच्या आत हे उरकावं. नंतर तो फोनवरून ‘एनीडेस्क टाक, आकडा सांग’ म्हणतो. तो आकडा फक्त त्यालाच सांगावा. बँकेतून बोलतोय म्हणणारा कितीही गोड बोलला, अगदी ‘मामा’ म्हणाला, तरी त्याला सांगू नये.