विषय क्रमांक 3: क्लचप्लेट

सकाळी सव्वासहाला सावेडीतल्या आमच्या गल्लीत बारा किका ऐकू येतात. तेराव्या किकेला गाडी सुरू होते आणि आम्ही कुशीवर वळेपर्यंत बंद पडते. मग खिडकीतून वहिनींचा आवाज येतो, "अहो, झालं का? चहा निवला." भाऊसाहेब येझदीच्या सीटवर ठेवलेली वही उघडून लिहितात: 6.20, चालू. खालच्या ओळीत: 6.20, बंद.

भाऊसाहेब म्हणजे निवृत्त ग्रामसेवक. ग्रामसेवकाला गाव भाऊसाहेबच म्हणतं. नोकरी संपली, हाक उरली. पहिली नऊ वर्षं त्यांनी अकोले तालुक्यात काढली, राजूर-भंडारदऱ्याच्या बाजूला. 1987 साली पतसंस्थेचं कर्ज काढून येझदी घेतली ती तिथंच. पुढं बदल्या झाल्या, मुलांच्या शाळा आल्या, स्कूटर आली, मोटार आली आणि येझदी राहुरीच्या मळ्यातल्या गोठ्यात गोणपाटाखाली गेली. बावीस वर्षांनी ती बाहेर काढायला गेले तेव्हा एअर फिल्टरमध्ये उंदरांचं एकत्र कुटुंब नांदत होतं आणि सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. भाऊसाहेबांनी तिला एकवीस दिवसांची मुदत दिली. मुदत न देता अतिक्रमण हटवणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही.

असे परत गाडीवर आलेले लोक हल्ली नगरमध्ये गल्लोगल्ली आहेत. (जिल्हा 2024 पासून अहिल्यानगर झाला, पण एसटीत बसणारा माणूस अजून "एक नगर" असंच म्हणतो.) भिंगारकडं फौजेतून निवृत्त झालेले बुलेटवाले आहेत, किक मारण्याआधी ते अँपिअर मीटरच्या काट्याकडं असं बघतात की आपणही श्वास रोखून धरावा. आरएक्स हंड्रेडवाले मास्तर आहेत, पण त्यांचं कौतुक नको. त्यांची गाडी सुरू होते. या जमातीची खूण म्हणजे शर्टाच्या खिशात पेनाशेजारी स्पार्क प्लग. लग्नाच्या पंगतीत मठ्ठा घेता घेता हा माणूस शेजाऱ्याला सांगतो, "आज प्लग चॉकलेटी आला राव!" चॉकलेटी म्हणजे सगळं आलबेल. काळा ओला आला तर ऑईल जास्त, पांढरा आला तर हवा जास्त. शेजाऱ्याला वाटतं, डॉक्टरांनी काहीतरी तपासायला सांगितलं असावं.

भाऊसाहेबांची खरी बैठक माळीवाड्यातल्या एका ग्यारेजात, दर रविवारी. वस्ताद स्टुलावर, भाऊसाहेब टायरवर आणि मधे पोट फाडलेली येझदी. तिथं सभा भरते. वहीत रीतसर इतिवृत्त असतं. विषय क्रमांक 2: सहा व्होल्टची बॅटरी काढून बारा व्होल्टचं वायरिंग करणे. विषय क्रमांक 3: क्लचप्लेट बदलणे. सूचक: भाऊसाहेब. अनुमोदक: वस्ताद. विरोध: एक (घरून). ठराव बहुमताने मंजूर. खर्च वेगळ्या वहीत, रोकडवहीच्या नमुना 5 प्रमाणे आखून घेतलेल्या. मुलगा पुण्याहून पैसे पाठवतो ते "वित्त आयोगाचा निधी" या सदरात. मार्चअखेरीला निधी शिल्लक दिसला की भाऊसाहेबांच्या पोटात गोळा येतो. गेल्या 30 मार्चला त्यांनी गरज नसताना दोन्ही चाकांच्या तारा बदलून घेतल्या.

सुधारणांच्या बाबतीत मात्र त्यांच्या एकट्यात दोन पक्ष आहेत. टाकी, तिच्यावरची अक्षरं, दोन सायलेन्सर, यांना कुणी हात लावायचा नाही, तो वारसा. म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना 1996 मध्ये बंद पडला, आता मूळ वस्तू आणायची कुठून? 2022 मध्ये त्याच नावाची नवी गाडी बाजारात आली, तर भाऊसाहेब शोरूममध्ये जाऊन तिला हात लावून आले. परतल्यावर म्हणाले, "नाव लावलंय, वारस नोंद नाय." याच माणसानं हँडलला मोबाईलचा चार्जर बसवलाय, पुढं एलईडी दिवा लावलाय आणि मागं दोन कातडी पिशव्या टांगल्यात. एका पिशवीत पाने, दुसरीत पहिल्या पिशवीतले पाने पुरले नाहीत तर लागणारे पाने.

पेट्रोलचं दुखणं वेगळंच. टू-स्ट्रोक असल्यानं लिटरला 40 मिली ऑईल ते स्वतः मोजून घालतात, औषध पाजावं तसं. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. इथेनॉल पाणी ओढतं, जुनी रबरं फुगवतं. भाऊसाहेबांच्या कार्बोरेटरचं वॉशर दोनदा गेलं. तिसऱ्यांदा गेलं तेव्हा त्यांनी पंपावर इथेनॉलवर सणसणीत भाषण केलं. पंपावरच्या पोरानं विचारलं, "काका, तुमचा ऊस कुठल्या कारखान्याला जातो?" आशियातला पहिला म्हणवला जाणारा सहकारी साखर कारखाना ज्या जिल्ह्यात प्रवरेकाठी उभा राहिला, तिथल्या माणसाला उत्तर सुचेना. राहुरीच्या मळ्यात त्यांचा स्वतःचा सव्वा एकर ऊस उभा आहे.

मुलानं सुचवून पाहिलं, की बाबा, ई-लूना घ्या. लूना म्हणजे आपल्या नगरच्या कारखान्यातलंच नाव. भाऊसाहेबांनी एक चक्कर मारली, उतरले आणि गप्प बसले. संध्याकाळी मला म्हणाले, "आवाजच नाय हो. तेव्हा येझदीचा आवाज घाटापलीकडून यायचा. घरपट्टी थकलेली माणसं तेवढ्यात मागच्या दारानं रानात जायची. ही असती तर शंभर टक्के वसुली झाली असती."

"मग घ्या की."

"आता कुणाची वसुली करायची?"

पण खरा प्रताप झाला प्रोफेसर कॉलनी चौकात. सिग्नलला गाडी बंद पडली. ज्या दांड्यानं गिअर टाकायचा तोच उलटून किक मारायची, अशी येझदीची रचना. भाऊसाहेबांनी घाईत अर्धवट किक मारली. टू-स्ट्रोकची एक खोड असते: टायमिंग पुढं सरकलेलं असेल आणि किक उलटी बसली, तर इंजिन उलट्या दिशेनं फिरायला लागतं. आवाज तोच, धूर तोच. सिग्नल हिरवा झाला, भाऊसाहेबांनी पहिला गिअर टाकला, मान ताठ केली, क्लच सोडला आणि येझदी सरळ मागं निघाली. मागची रिक्षा दोन बोटांवर राहिली. रिक्षावाल्यानं डोकं बाहेर काढून मोठ्या आदरानं विचारलं, "भाऊसाहेब, रिव्हर्सबी टाकून घेतला का? किती लागले?"

वहीत त्या दिवशीची नोंद एवढीच आहे: प्रोफेसर कॉलनी चौक. पहिला गिअर. दिशा: नेवासे ऐवजी माळीवाडा.

हा सगळा खटाटोप भंडारदऱ्यासाठी आहे. मेअखेरीस, पावसाच्या तोंडावर तिथल्या हिरड्या-बेहड्यांवर काजवे लगडतात, ते येझदीवर जाऊन पाहायचे, वहिनींना मागं बसवून, पूर्वीसारखं. पहिल्या वर्षी क्लच गेला. दुसऱ्या वर्षी पिस्टनच्या रिंगा. गेल्या वर्षी पहाटे नारळ फोडून निघाले ते राहुरीपर्यंत पोचले, आणि तिथून छोट्या हत्तीत येझदी आडवी घालून परत आले. वहिनी एसटीनं आल्या, आधी पोचल्या. वहीत लिहिलंय: सभा तहकूब. मी हळहळ व्यक्त केली तर भाऊसाहेब माझ्याकडं कीव आल्यासारखं बघत म्हणाले, "तहकूब ग्रामसभेला गणपूर्ती लागत नाय. हे विसरू नका."

यंदाची तारीख ठरली आहे. वहिनींनी एसटीच्या वेळा लिहून ठेवल्यात. फक्त टाकीचं झाकण नीट बसत नाही, पेट्रोल उडतं, आणि बाजारात मिळतं ते नवं झाकण भाऊसाहेबांना मंजूर नाही. तेव्हा तुमच्या गोठ्यात, माळ्यावर, कोंबडीखाली कुठं जुन्या येझदीच्या टाकीचं मूळ झाकण पडलेलं असेल तर भंगारात घालू नका. माळीवाड्यात रविवारी अकरानंतर सभा असते.