अंगण वाकडं आहे का? एक तपासणी-पद्धत

‘नाचता येईना, अंगण वाकडं’ ही म्हण मला पहिल्यापासून एकतर्फी वाटत आली आहे. नाच सगळ्यांनी पाहिला, नावंही ठेवली. पण अंगणाला कुणी पाणसळ लावून पाहिल्याची नोंद कुठेच नाही. निकाल आधी लागला, पंचनामा झालाच नाही.

रात्रीची जेवणं आटपली की मी काउंटर-स्ट्राइक खेळतो. वय ५२. माझ्या बाजूला भाचा आणि त्याचे तीन मित्र. चौघांची वयं मिळवली तर माझ्यापुढे जेमतेम बारा वर्षं जातात. दर फेरीत सर्वांत आधी मी मरतो. ‘नेट अडकलं’ हे कारण वर्षभर चाललं, मग घरात फायबर आलं. मग खुर्ची झाली, चष्म्याचा नंबर झाला. उरलं अंगण, म्हणजे माऊसपॅड. ते शास्त्रशुद्ध कसं तपासावं, हे माझ्यासारख्या इतर पीडितांसाठी लिहून ठेवतो आहे.

थोडा इतिहास, कारण त्याशिवाय मार्गदर्शनाला वजन येत नाही. डग्लस एंगलबार्टच्या प्रयोगशाळेत १९६४च्या सुमारास झालेला पहिला माऊस लाकडी होता आणि त्याच्या पोटाखाली दोन चाकं होती. पुढे चाकांच्या जागी गोळी आली. ती गुळगुळीत टेबलावर घसरायची, म्हणून पॅड आलं. सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून, त्यातली दहा मिनिटं गोळी काढून आतल्या रुळांवरचा मळ नखाने खरवडण्यात घालवलेली पिढी अजून हयात आहे. १९९९ साली मायक्रोसॉफ्टने खालच्या पृष्ठभागाचे झरझर फोटो काढत चालणारा माऊस आणला, तो बहुतेक कुठेही चालायचा. त्या दिवशी पॅडचं तेरावं व्हायला हवं होतं. खेळणाऱ्यांनी ते होऊ दिलं नाही.

आता मापाकडे वळू. आमच्याकडे एक पॅड होतं, एका पतसंस्थेने दिवाळीला दिलेलं, २२ सेंटिमीटर रुंद. त्यावर अष्टविनायक छापलेले. शत्रू उजवीकडे दिसला की मोरगावाहून निघून रांजणगावापर्यंत जावं लागे, आणि वाटेत थेऊरला अंगठा लागला की मनातल्या मनात क्षमा मागावी लागे. श्रद्धेचा भाग सोडा, हिशेब करा. माऊस ८०० डीपीआयवर आणि खेळातली सेन्सिटिव्हिटी १ असेल, तर काउंटर-स्ट्राइकमध्ये स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घ्यायला माऊस सुमारे ५२ सेंटिमीटर सरकवावा लागतो. म्हणजे २२ सेंटिमीटरच्या पॅडवर, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, माणूस १५२ अंश वळतो. पाठीमागे पाहायला १८० लागतात. मधले जे २८ अंश उरतात, माझे सगळे शत्रू तिथेच राहायला असतात.

तेव्हा पॅड निदान ४५ सेंटिमीटर रुंद घ्या. लॉजिटेकचं जी६४० घ्या किंवा स्टीलसीरीजचं मोठं क्यूसीके, दोन्ही साधारण त्याच मापाची. टेबलावर तेवढी जागा आहे का, ते आधी पाहा. माझं टेबल आम्ही काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत आहे, खिडकीकडे तोंड करून. त्यावर प्रिंटर, आईच्या गोळ्यांचा डबा आणि २०१९पासूनची विजेची बिलं आहेत. पॅड अंथरायचं तर बिलांना कुठेतरी जावं लागणार. ही अवघड चाचणी आहे, पण ती पॅडची नाही.

खरी गोम घर्षणात आहे, आणि घर्षण आपल्याला कुणी शिकवायला नको. ज्याने कॅरम खेळलाय त्याला ‘स्पीड’ आणि ‘कंट्रोल’ या पॅडवाल्यांच्या दोन शब्दांचा अर्थ न सांगता कळतो. पावडर जास्त पडली की स्ट्रायकर बोट लागताच पळतो, कमी पडली की क्वीन भोकाच्या तोंडाशी बसून राहते. फरक इतकाच की स्ट्रायकर १५ ग्रॅमच्या आत असतो, तर खेळण्याचा हलका माऊस साठेक ग्रॅमचा, शिवाय त्यावर आपला हात. आणि पॅडवर बोरिक पावडर टाकायची नाही. मी टाकली आहे, म्हणून सांगतो.

मोजणी अशी करायची. ५० सेंटिमीटर लांबीची फळी घ्या, तिच्यावर पॅड ताणून बसवा, वर बिनवायरचा माऊस ठेवा. फळीचं एक टोक हळूहळू उचलत खाली दिवाळी अंक सारत जा. माऊस ज्या क्षणी निघेल तिथे थांबा. टोकाची उंची भागिले फळीचा जमिनीवरचा पाया, हा आला स्थितिक घर्षणाचा गुणांक. एकदा निघालेला माऊस मात्र थांबत नाही, उलट वेग घेतो. कारण चालत्या वस्तूचं घर्षण बसलेल्या वस्तूपेक्षा कमी असतं. चांगल्या पॅडवर या दोहोंत फारसं अंतर नसतं, नाहीतर नेम धरताना माऊस आधी अडतो आणि मग उडी मारतो. आमचा माऊस पहिल्या खेपेला थेट गोळ्यांच्या डब्यावर गेला.

माझ्या पॅडचे आकडे विचित्र आले. फळीचा उतार खिडकीकडे केला, तर माऊस साडेनऊ सेंटिमीटरला निघायचा. उतार हॉलकडे केला, तर साडेदहाला. पाच-पाच वेळा केलं, तेच. म्हणजे गुणांक साधारण ०.१९ आणि ०.२१. मी निष्कर्ष काढला की या कापडाला मखमलीसारखी लव आहे, एका बाजूने हात फिरवला तर मऊ आणि उलट्या बाजूने खरखरीत.

आई तेव्हा गोळ्या शोधायला आली होती. तिने पॅड फळीवरून काढून घेतलं, तळहाताची मागची बाजू दोनदा फिरवली, एक कोपरा चिमटीत धरून आडवा-उभा ताणून पाहिला आणि म्हणाली, “अरे, मखमल कसली? दोन्हीकडून सारखंच लागतंय.”

मी तिला आकडे दाखवले. तिने डबा उचलला आणि गेली. चाळीस मिनिटांच्या मोजणीपुढे चार सेकंदांच्या मताला किती किंमत द्यायची, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी दिली नाही.

कडा तपासताना मात्र आईला बोलवाच. स्वस्त पॅडच्या कडा नुसत्या कापलेल्या असतात, सहा महिन्यांत कापड रबरापासून सुटून दोरे लोंबू लागतात. महाग पॅडला शिवण असते. आई तिला पिकोच म्हणते, आणि ते बरोबर आहे. ती शिवण पृष्ठभागापेक्षा उंच असेल, तर मनगटाच्या आतल्या बाजूला रोज रात्री करवत चालते. अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून तपासा.

खालचं रबर बोटाने दाबा, आंबा दाबतो तसं, दुकानदाराचं लक्ष नसताना. मऊ पॅडमध्ये माऊस किंचित रुततो, म्हणून ऐन वेळी वरून दाब दिला की ब्रेक लागतो. कडक पॅडवर तो तरंगत राहतो. जपानची आर्टिसन कंपनी एकच कापड तीन वेगवेगळ्या मऊपणात विकते, यावरून हा विषय किती गंभीर आहे ते कळावं. गुंडाळी करून आलेल्या पॅडचे कोपरे जुन्या कॅलेंडरसारखे वर येत असतील, तर एक रात्र गादीखाली ठेवा.

काचेचीही पॅडं मिळतात. ती फार पळतात, हिवाळ्यात गार लागतात आणि माऊसच्या पायांना लवकर झिजवतात. ज्यांच्या घरी आवाजावरून बोलणी बसतात त्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

कोकण-मुंबईकडच्या वाचकांनी कापडी पॅडची चाचणी जुलैत घ्यावी. डिसेंबरात सगळीच पॅडं गुणी असतात. पावसाळ्यात कापड हवेतला आणि हाताचा ओलावा धरतं, आणि माऊस चिखलातून चालल्यासारखा चालतो. आर्द्रता मोजायचं यंत्र नसेल, तर भाजलेला पापड पॅडशेजारी ठेवा. तो वीस मिनिटांनी मोडताना आवाज आला, तर खेळा. नुसताच वाकला, तर त्या रात्रीचा पराभव हवामान खात्यात जमा करावा. पॅड धुवायचं तर कोमट पाणी, सौम्य साबण, हाताने. मशीनमध्ये नाही आणि पिळायचं तर अजिबात नाही. मग सावलीत वाळत घाला. जुलैत ते कधी वाळेल, हे पापडाला विचारा.

इतकं सगळं करून माझं पॅड सर्व चाचण्यांत उतरलं. कोडं राहिलं ते फक्त त्या मखमलीचं. शेवटी पॅड अर्धं फिरवून, मागची बाजू पुढे करून पुन्हा मोजलं. दोष कापडाचा असता तर आकड्यांची अदलाबदल व्हायला हवी होती. झाली नाही. खिडकीकडे साडेनऊ, हॉलकडे साडेदहा.

मग सुताराकडून पाणसळ मागून आणली आणि पॅडवर ठेवली. बुडबुडा हळूच हॉलच्या बाजूला गेला आणि तिथेच राहिला. टेबलाला उतार होता, मीटरला एक सेंटिमीटर, खिडकीकडे. टेबल निर्दोष आहे म्हणून सुताराने हात वर केले आणि फरशीकडे बोट दाखवलं. गॅलरी उघडी होती तेव्हा पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून गवंड्याने दिलेला ढाळ होता तो. आम्ही काचा लावल्या, ढाळ तसाच राहिला. अंगण वाकडं होतं. माझ्या गोळ्या शत्रूंच्या डोक्यावरून जातात, त्याचाही उलगडा झाला: माऊस पुढे ओघळणार, नेम वर चढणार.

संघाला तसं लेखी कळवलं. भाच्याचं उत्तर आलं : “मामा, घर्षण ०.२० आहे आणि ढाळ ०.०१. माऊस स्वतःहून हलणारच नाही. आणि तू बटण दाबूनच धरतोस म्हणून गोळ्या वर जातात.”

तरीही उपाय करणं भाग होतं. टेबल ६० सेंटिमीटर खोल, म्हणजे खिडकीकडचे पाय सहा मिलिमीटरने उचलायचे. आलेल्या दोन लग्नपत्रिका, जाड कागदाच्या, चार घड्या घालून पायांखाली सारल्या. बुडबुडा बरोबर मधोमध आला. पाच मिनिटं मी त्या सपाट टेबलाकडे नुसता बघत बसलो. मग भाच्याचा ‘मामा, येतोयस ना?’ असा मेसेज आला, तेव्हा खाली वाकून दोन्ही पत्रिका काढून घेतल्या आणि हेडफोन लावला.