देव, इंग्रजी आणि दोन बाद ७४८

पोराला ‘फादरच्या शाळेत’ प्रवेश मिळावा म्हणून सिद्धिविनायकाला नवस बोलणारे आईबाप मुंबईला नवे नाहीत. गणपतीही मनाला लावून घेत नसावा. त्याला ठाऊक असतं, यांना बाप्तिस्मा नको, इंग्रजी हवंय.

आता त्या इंग्रजीची कथा. धोबीतलावची सेंट झेवियर्स शाळा जेझुइट पंथाच्या फादरांनी १८६९ साली काढली, पण तेव्हा मुंबईचं मिशन होतं जर्मनांकडे. म्हणजे राणीची भाषा गिरवून घ्यायला जर्मन फादर! पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा कुठे सरकारच्या लक्षात आलं, की ही मंडळी शत्रूच्या मुलखातली. मग नजरकैद, मायदेशी पाठवणी वगैरे झालं आणि पुढे मिशन गेलं स्पॅनिश जेझुइटांकडे. अर्थात ज्यांच्या नावाने शाळा, ते संत फ्रान्सिस झेवियर तरी कुठे इंग्रज होते? नव्हारचा माणूस, १५४२ साली पोर्तुगिजांच्या गलबतातून गोव्यात उतरलेला.

जेझुइटांनी शिक्षणाचा आराखडा १५९९ मध्येच पक्का केला होता. पाठांतर, उजळणी, मुलामुलांत चढाओढ आणि हे सारं देवाच्या अधिकाधिक गौरवासाठी. आपण उजळणी घेतली, चढाओढ तर जरा जास्तच मनावर घेतली. गौरव तेवढा टक्क्यांचा केला. कॅथलिक मुलं कॅटेकिझमला गेली की मागे उरलेल्यांना मॉरल सायन्स. त्याच्या पेपरात ‘प्रामाणिकपणा’वरची पाच वाक्यं पुढच्या बाकावरून उतरवता येत.

त्या आराखड्यात क्रिकेट नव्हतं. ते मुंबईने घुसडलं, आणि सुनील गावसकर याच शाळेतून निघाले. पण दैवाचा हिशेब बघा. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, शालेय क्रिकेटच्या हॅरिस शील्डचा उपांत्य सामना. शारदाश्रम शाळा दोन बाद ७४८; तेंडुलकर नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४. डाव सोडा, हा त्यांच्या प्रशिक्षक आचरेकर सरांचा निरोप दोघांनी कानाआड केलेला. उन्हात चेंडूमागे धावत होती ती झेवियर्सची पोरं. दुसरा गाल पुढे करायचा धडा त्यांनी घोकला असेलच, पण प्रात्यक्षिक इतकं लांबेल असं फादरांनाही वाटलं नसणार.

वर कांबळीने सहा बळीही घेतले. त्या माराला सामोरा गेलेला झेवियर्सचा लेगस्पिनर साईराज बहुतुले पुढे भारताकडून कसोटी खेळला, तोही तेंडुलकरच्याच संघातून. देवाची कृपा म्हणायची ती हीच.