आत्याचा तांब्या

नऊ वर्षे ज्या सुनेचे नाव आत्याच्या ओठांवर आले नव्हते, तिच्या घरी नाताळासाठी जाण्याचे फर्मान एका सकाळी अकस्मात सुटले, आणि बंदोबस्ताची जोखीम, कुळातील एकमेव रिकामटेकडा इसम या नात्याने, माझ्या शिरी आली. सून कोल्हारची, ख्रिस्ती, पेशाने परिचारिका. आत्या नगरची, सोवळ्यातली, पेशाने रुसलेली. प्रस्थानापूर्वी सामानाची रुजुवात झाली: पाण्याने भरलेला तांब्या, दशम्या, लिंबाचे लोणचे आणि परक्या घरी टेकावे लागू नये म्हणून स्वतःचा पाट. हा पाट मी प्रवासभर मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टरने त्याचे अर्धे तिकीट मागितले नाही, हा त्याचा विनय.

दिवस गळिताचे असल्यामुळे उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी वरातीच्या चालीने सरकत होती. राहुरी आली तेव्हा संधी साधून मी विषय काढला, की रेव्हरंड ना. वा. टिळक याच गावी काही वर्षे राहिले. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतल्यावर पत्नी लक्ष्मीबाई दुःखाने वेगळ्या राहिल्या, पुढे परतल्या, त्याही प्रथम आपले सोवळे सांभाळूनच, आणि अखेर त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारून ‘स्मृतिचित्रे’सारखा ग्रंथ लिहिला.

“वेगळी किती वर्षं राहिली?”

“चार-पाच.”

“माझी नऊ झाली,” असे म्हणून आत्याने पदर सारखा केला.

प्रवरेच्या पुलावर तिने नदीत नाणे टाकले आणि कोल्हारात उतरताच, जणू तारीख पुढे ढकलण्याचा अर्जच, आधी भगवतीच्या दर्शनाचा हट्ट धरला. तिथून घरी पोहोचलो तो दारात चांदणीचा कंदील लोंबत होता आणि स्वयंपाकघरात सून करंज्या तळत होती. पैकी निम्म्या कढईत तोंडे वासून सारणाचा त्याग करीत होत्या. आत्याने उंबऱ्यातूनच कढईकडे पाहिले. नऊ वर्षांचे मौन सोडून ती म्हणाली, “कडेला दूध लावलं नाहीस.”

“तुम्हीच दाखवा, आई,” सून म्हणाली.

ताबडतोब पाट मांडला गेला. पुढचे दोन तास दूध, मोहन आणि कातण यांखेरीज कोणताही धार्मिक प्रश्न उपस्थित झाला नाही. मधल्या वेळात सात वर्षांच्या नातवाने आजीचा रिकामा तांब्या घरच्या माठातून भरून आणला, आणि आत्याने पिठाच्या हाताने तो उचलून घटाघटा रिकामा केला. मी पंचनामा केला नाही.

रात्री चर्चमध्ये पेटी-तबल्यावर भजन झाले. टाळकरी ताल सोडतो, एवढी एकच तक्रार तिने नोंदवली, तीही सुनेच्या कानात.

परतताना करंज्यांचा डबा माझ्या मांडीवर होता; पाट नव्हता. “राहू दे, तिच्याकडे धड पाट नाही,” आत्या म्हणाली. तांब्याही कोल्हारातच आहे.