अजून संपला नाही

ग्राफाइट इंडियाचा कारखाना बंद होऊन वर्षं झाली, पण बसचा कंडक्टर त्या चौकाला अजून ‘ग्राफाइट, ग्राफाइट’ अशीच हाक देतो. बंगळूरच्या महादेवपुऱ्यात टिकलेल्या जुन्या गोष्टी म्हणजे एक ही हाक आणि दुसरे आमच्या सोसायटीतले काका. बाकी इथली माणसं दर वर्षी फोन बदलतात, दोन वर्षांनी कंपनी आणि तीन वर्षांनी फ्लॅट. काकांच्या मेहुण्याने मस्कतहून आणलेला यामाहाचा डीएक्स-७ सिंथेसायझर मात्र चाळीस वर्षं होत आली तरी घरातून हललेला नाही. नवीन का घेत नाही, असं विचारलं की काका म्हणतात, “अरे, हा अजून संपला नाही.”

जणू लोणच्याची बरणीच.

काका मूळचे मिरजेचे, म्हणजे तंबोऱ्यांच्या गावचे. नोकरी दूरवाणीनगरच्या आयटीआय या टेलिफोनच्या कारखान्यात झाली, फोन जोडण्यात. त्यामुळे कान मिरजेचा आणि हात डाख देणाऱ्याचा. अशा यंत्रवेड्यांची एक वेगळीच जमात असते. खिशात पेनाशेजारी टेस्टर. माळ्यावर मूळ खोका, आत मूळ थर्मोकोल. मॅन्युअलला शाळेच्या पुस्तकासारखं खाकी कव्हर, त्यावर नाव, आणि ‘इयत्ता’च्या जागी मॉडेल नंबर.

हा डीएक्स-७ बाजारात आला १९८३ मध्ये. एका लहरीने दुसरीला हलवून आवाज घडवायची युक्ती स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंगची, पेटंट स्टॅनफर्डचं, त्याचा परवाना यामाहाने घेतला, आणि ऐंशीच्या दशकातल्या निम्म्या गाण्यांत याचाच काचेसारखा पियानो किणकिणला. आता इतके आवाज घडवायचे तर वर पन्नासेक खुंट्या हव्यात की नाही? छे. दोन ओळींची इवलीशी खिडकी आणि एक सरकपट्टी. लहरी काढणारे सहा ऑपरेटर, त्यांच्या जोडणीच्या ३२ तऱ्हा, आणि सगळं या खिडकीतून. किल्लीच्या भोकातून अख्खा वाडा झाडावा तसं. बहुतेक वादकांनी कंपनीने भरून दिलेले ३२ आवाज वाजवले आणि गप्प बसले. काका गप्प बसले नाहीत. ते सनई बनवायला बसले.

ही सनई वीस वर्षं चालू होती. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती सनई आणि स्कूटरचा हॉर्न यांच्या मधे कुठेतरी पोहोचली होती. “पेटीत मींड नाही, इथे चाक आहे,” असं म्हणून काका डाव्या हाताने पिच व्हील असं अलगद ढकलायचे की गंधार मध्यमापर्यंत जायचा. हात सुटला की चाक टप्पकन जागेवर यायचं आणि गंधारही.

भाच्याने एकदा लॅपटॉपवर हाच डीएक्स-७ फुकटात उतरवून दाखवला. आवाज तोच, खिडकीची कटकट नाही. काकांनी डोळे मिटून ऐकलं. “छान आहे. पण याला वजन नाही.” डीएक्स-७ चौदा किलोंचा आहे, तेव्हा मुद्दा बिनतोड.

काकांच्या देव्हाऱ्यात गणपतीखालोखाल मान चरणजीत सिंग यांना. मुंबईच्या सिनेमाच्या स्टुडिओंतले वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलँडच्या तीन यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. त्यातलं टीबी-३०३ हे एकट्या गिटारवाल्याला सरावापुरती बेसची साथ द्यायला काढलेलं यंत्र. ते काही खपलं नाही. चरणजीत यांनी त्याच्या घसरत्या सुरांत भैरव पाहिला. रेकॉर्डही खपली नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा तिकडचे लोक चक्रावले, कारण ‘अ‍ॅसिड हाउस’ म्हणून शिकागोत जे १९८७ मध्ये गाजलं, त्याच्या जवळचं काहीतरी मुंबईत पाच वर्षं आधीच वाजून विसरलंही गेलं होतं. “बघ,” काका म्हणतात, “यंत्राने सांगितलेलं ऐकायचं नाही.”

आणि मग सेल गेला. डीएक्स-७ च्या पोटात डाख देऊन बसवलेला एक गोल सेल असतो. तो संपला की साठवलेले आवाज गेले. सेल काकांनी अर्ध्या तासात बदलला. पण आवाज? ते होते दोनशे पानी वहीत. एकेका आवाजाचे शंभरावर आकडे, हाताने लिहिलेले. तीन दिवस काकू पोथीसारखं वाचत होत्या आणि काका सरकपट्टीवर भरत होते. “नव्व्याण्णव. पन्नास. शून्य. शून्य. अहो, आमटी उतू जातेय. बाहत्तर.” तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांनी पट्टीवर बोट ठेवलं आणि खरीखुरी सनई वाजली. लग्नातली. काकूंनी कुठेतरी ९७ चं ७९ वाचलं असणार.

काका आनंदाने उडी मारतील असं मला वाटलं. ते वही घेऊन बसले. चूक कुठल्या आकड्यात झाली, ते शोधायला. अजून शोधताहेत.

गेल्या गणपतीत सोसायटीची आरती या सनईने सुरू झाली आणि दुसऱ्या कडव्याला वीज गेली. “करेंट होयतु, सार,” वॉचमनने जाहीर केलं. काका घरात गेले आणि कॅसिओचा एसके-१ घेऊन आले. शाळकरी पोराच्या दप्तरात मावेल एवढा, सेलवर चालणारा, स्पीकर पोटातच. याला माइक आहे. कुठलाही आवाज तो टिपतो, पण १.४ सेकंदच. काकांनी दुपारीच काकूंचं “अहो, ऐकलंत का” टिपलं होतं. ‘का’ मावला नव्हता. उरलेली आरती अंधारात त्या आवाजात झाली. वरच्या पट्ट्यांवर काकू आठ वर्षांच्या, मधे काकू, आणि खाली खर्जात साक्षात काकांच्या सासूबाई. चारपेक्षा जास्त सूर हे यंत्र एका वेळी काढत नाही, म्हणून काकूंना वाटत होतं त्यापेक्षा नाचक्की थोडी कमी झाली.

यंदाही काकाच वाजवणार आहेत. आलात तर पाच पेन्सिल सेल घेऊन या.